एडिटला लेखकाने बसावं का? (रफ कट २ तास ४८ मिनिटं, आणि माझा चौदावा सीन गायब)

शिरीष_वाईकर

नमस्कार मंडळी.

पहिलाच सिनेमा लिहिलाय. छोटा आहे, मराठी आहे, बजेट विचारू नका. गोष्ट थोडक्यात अशी: एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, पुण्यात आयटीत असलेला त्याचा मुलगा, आणि पाचवडजवळ हायवेला लागून असलेली दीड एकर जमीन. मुलाला ती विकायचीय, बापाला नाही. शूटिंग वाई आणि आसपासच झालं.

परवा दिग्दर्शकाने रफ कट (सिनेमाची कच्ची जोडणी) बघायला अंधेरीला बोलावलं. २ तास ४८ मिनिटं. निर्मात्याला २ तास १० च्या आत हवाय, तेही ठीक. पण त्यात चौदा नंबरचा सीनच नाही! रात्री ओट्यावर बसून बाप मुलाला सांगतो की जमीन का विकायची नाही. साडेतीन पानांचा सीन, माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा कणा. त्याच्या जागी एकतिसावा सीन उचलून आणलाय. बाप एकटाच वाई स्टँडवर जाऊन बाकावर बसतो. गाड्या लागतात, सुटतात, हा उठत नाही. स्क्रिप्टमध्ये ही दीड ओळ होती. पडद्यावर अडीच मिनिटं चालते.

एडिटर ताई शांतपणे म्हणाल्या, "ओट्यावर तो जे बोलतो, ते त्याच्या बसण्यात आलंय." आणि लगेच, "फक्त सव्वीसमध्ये तो पाठमोरा आहे, तिथे एक ओळ लिहून द्या. डबिंगला घेऊ."

साडेतीन पानं गेली आणि वर एक ओळ मागतायत.

लेखकाने या टप्प्यावर किती बोलायचं असतं? दिग्दर्शक म्हणतो ये, बस, पण मध्ये बोलू नकोस. एक मित्र म्हणतो, स्क्रिप्ट दिली म्हणजे मुलगी दिली, सासरी डोकवायचं नाही. दुसरा म्हणतो, सरळ भांड. इथे कुणी एडिटर किंवा चार सिनेमे केलेले लेखक असतील तर सांगा, तुमच्यात हे कसं चालतं?

कात्रीवाली

शिरीष, मित्राला सांगा, हल्लीच्या मुली माहेरी महिना महिना येऊन राहतात.

मी एडिटर आहे. मूळची मिरजेची, आता बरीच वर्षं गोरेगावात. सुरुवात डेली सोपने केली. तिथे लेखक आणि एडिटरची ओळख फोनवरच होते, तीही रात्री. सीन सकाळी लिहून येतो, दुपारी शूट होतो, रात्री माझ्या मशीनवर येतो आणि उद्या टेलिकास्ट. एपिसोड लागतो २२ मिनिटांचा, भरतोय साडेवीस. मग लेखकाला फोन, "दीड मिनिट कमी पडतंय." तो बिचारा झोपेतच म्हणणार, "मागच्या आठवड्यातला मंगळसूत्राचा फ्लॅशबॅक टाक." किंवा सासूचा रिअ‍ॅक्शन शॉट तीन बाजूंनी. त्या शॉटवरच्या ज्या तीन धडामधुडुम आवाजांना तुम्ही हसता, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. पण त्या धबडग्यात मला लेखकाला विचारायची सवय लागली. सिनेमात आले तर इथे लेखक कुठे दिसेचना! मुहूर्ताला पेढा खायला असतो, प्रीमियरला फेटा बांधून असतो, मधले सहा महिने पत्ता नाही. तेव्हा तुम्हाला रफ कटला बोलावलं हीच मोठी गोष्ट आहे.

आणि असेम्ब्ली दाखवली नाही याबद्दलही आभार माना. असेम्ब्ली म्हणजे स्क्रिप्टच्या क्रमाने सगळे ओके टेक एकापुढे एक लावलेले. ती बघून लेखक रडतो आणि दिग्दर्शकाला ताप येतो. स्क्रिप्टवाले एका पानाला एक मिनिट धरतात, पण तो अख्ख्या सिनेमाचा सरासरी अंदाज आहे, सीनवार लावायचा नसतो. तुमची दीड ओळ अडीच मिनिटं झाली, तशी हाणामारीची दोन पानं चाळीस सेकंदांत उरकतात. म्हणून "साडेतीन पानांचा सीन होता" हे एडिटरला सांगून काही उपयोग नाही. तिच्या लेखी पान हे मापच नाही.

आता खरी गोम. मी कामाला बसते तेव्हा माझ्यासमोर रशेस असतात, म्हणजे शूट झालेलं सगळं न कापलेलं फुटेज. त्या रात्री ओट्यावर काय काय झालं ते मला त्यात दिसतं. नट दमलेला असेल. रातकिडे संवादावर चढले असतील. मुलाचा क्लोज (चेहऱ्याचा जवळून शॉट) घ्यायच्या आत उजाडलं असेल. तुमच्या डोक्यात मात्र तो सीन लिहिला तसाच्या तसा आहे, न शूट झालेला, म्हणून निर्दोष. याच कारणाने काही दिग्दर्शक लेखकाला दाराबाहेर ठेवतात. मी उलट करते. युनिटमध्ये प्रत्येक सीन कशासाठी आहे हे पाठ असणारी दुसरी व्यक्ती मला कुठे मिळणार? दिग्दर्शकाला तर शूटिंगचा इतका मार बसलेला असतो की "क्रेन चार तास थांबवून घेतलाय हा शॉट, राहू दे" हेही कारण त्याला पटतं. लेखकाला क्रेनशी देणंघेणं नसतं.

एक उदाहरण देते. मुलगा आईशी खोटं बोलतो असा सीन होता. मला सपाट वाटत होता, पोरगा नुसता मख्ख. लेखिका शेजारी बसलेली. म्हणाली, "त्याला खोटं बोलायचंच नाहीये गं. आईने विचारूच नये असं त्याला वाटतंय." हे स्क्रिप्टमध्ये कुठेही नव्हतं, तिच्या डोक्यात होतं. मग मी टेकची टोकं चाळायला घेतली. क्लॅप पडल्यावर आणि 'अ‍ॅक्शन' म्हणायच्या आधी तो नट दाराकडे बघत उभा होता, बहुतेक चहा कधी येतो ते बघत असेल. ते चार सेकंद उचलले आणि आईच्या प्रश्नाच्या आधी लावले. सीन उभा राहिला. लेखिका नसती तर मी तो बहुतेक कापलाच असता.

तुमच्या चौदाव्याबद्दल एक काम सांगते. त्या साडेतीन पानांतून बघणाऱ्याला नव्याने काय काय कळतं तेवढंच लिहून काढा. त्याची तगमग, त्याचं प्रेम वगैरे नको, ते नटाच्या चेहऱ्यावरून येतं. माहिती लिहा. आणि त्यातलं दुसऱ्या कुठल्याच सीनमध्ये नाही असं काय आहे ते बघा. इथेच टाका, आपण बघू.

जुना_स्टीनबेक

अरे शिरीष, तुझं नशीब चांगलं की सीन हार्ड डिस्कवर आहे. आमच्या वेळी गेलेला सीन परत मागितला की असिस्टंटच्या, म्हणजे माझ्या, पोटात गोळा. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट. हजार फुटी रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. मेणपेन्सिलीने प्रिंटवर खूण, स्प्लायसरने कट, वर टेप, आणि काढलेला तुकडा नंबर घालून बिनमध्ये, म्हणजे तुकडे ठेवायच्या पेटीत, टांगायचा. लेखक येऊन बसला आणि "ते मघाचं पुन्हा लावून बघू" म्हणाला की उस्ताद माझ्याकडे बघायचे आणि मी बिनकडे.

या दोघांचं नातं कसं असतं सांगू? 'शोले' घे. पटकथा सलीम-जावेद, संकलन एम. एस. शिंदे. शूट झालेली फिल्म तीन लाख फुटांच्या घरात होती असं सांगतात, पडद्यावर आली वीस हजारांच्या आसपास. फिल्मफेअरची नामांकनं ढीगभर, पण त्या वर्षी बक्षीस मिळालं एकच, आणि ते संकलनाचं. सलीम-जावेद हरले ते स्वतःशीच, कथा-पटकथा-संवादांची बक्षिसं त्यांच्याच 'दीवार'ला गेली. शेवटाचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ लिहिलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणी होती, सेन्सॉरने नाही म्हटलं, पोलीस येऊन अडवतात असा शेवट पुन्हा शूट करावा लागला. तिथे लेखक आणि संकलक दोघेही सारखेच हतबल.

शिंदे २०१२ साली गेले. शेवटची वर्षं धारावीतल्या एका खोलीत काढली त्यांनी. विषय निघाला म्हणून सांगितलं.

खुर्ची_क्रमांक_१

दिग्दर्शक म्हणून लिहितोय, राग मानू नका. लेखकाला एडिटला बसवू नये या मताचा मी आहे. कात्रीवाली ताईंना चांगल्या लेखिका भेटल्या असतील. मला भेटलेले लेखक प्रत्येक कटला "पण तिथे एक वाक्य होतं" म्हणतात. तीन माणसं खोलीत असली की मत घ्यायची वेळ येते, आणि मतदानाने कट ठरत नाही.

'कोर्ट' आठवा. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागते, लोक बाहेर पडतात, दिवे बंद होतात, पडदा काळा. कुठल्याही लेखकाला विचारा, म्हणेल इथेच संपव, टाळ्या पडतील. सिनेमा तिथे संपत नाही. पुढे न्यायाधीशांची सहल दाखवतो, रिसॉर्ट, नातेवाईक, बाकावरची डुलकी. असा निर्णय एकाच डोक्यातून येऊ शकतो.

शिरीष, ओळ लिहून द्या आणि पुढच्या स्क्रिप्टला लागा.

अनुजा_एडिसन

@खुर्ची_क्रमांक_१, उदाहरण छान दिलंत, पण ते तुमच्यावरच उलटतंय. 'कोर्ट'चं एडिटिंग रिखव देसाई यांचं, आणि तो एक डोकं म्हणताय तो चैतन्य ताम्हाणे, म्हणजे त्या सिनेमाचा लेखकच की! पुढचा 'द डिसायपल' (२०२०) तर त्याने स्वतःच एडिट केला. व्हेनिसला त्याला बक्षीस मिळालं ते पटकथेचं.

मी सिनेमाच्या धंद्यातली नाही, न्यू जर्सीत बसून बघते आणि वाचते एवढंच. पण चौदाव्या सीनवरून दोन गोष्टी आठवल्या.

'अ‍ॅनी हॉल' (१९७७). वुडी अ‍ॅलन आणि मार्शल ब्रिकमन यांनी लिहिला तेव्हा नाव होतं 'अ‍ॅनहिडोनिया'. चाळिशीच्या माणसाच्या डोक्यातला सगळा पसारा, आणि त्यात एक खुनाचं रहस्यसुद्धा. पहिला कट २ तास २० मिनिटांच्या आसपास होता आणि तो बघून ब्रिकमनची साफ निराशा झाली. मग संकलक राल्फ रोझेनब्लम आणि अ‍ॅलन यांनी काढत काढत तो ९३ मिनिटांवर आणला. अ‍ॅनी नावाची बाई पसाऱ्यात एका बाजूला होती, ती मधोमध आली. म्हणजे सिनेमाचा विषयच एडिटमध्ये सापडला. आणि गंमत बघा, ऑस्कर पटकथेला मिळालं, संकलनाला साधं नामांकनही नाही. 'शोले'च्या बरोब्बर उलट. खुनाच्या रहस्याची कल्पनाही फुकट गेली नाही, १९९३ मध्ये त्याच दोघांनी 'मॅनहॅटन मर्डर मिस्टरी' लिहिला. तेव्हा शिरीष, तो ओट्यावरचा सीन फेकून देऊ नका.

दुसरा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). लेखक-दिग्दर्शक कपोला 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात अडकलेला, त्यामुळे एडिटची भिस्त वॉल्टर मर्चवर. त्यात एका जोडप्याचं बोलणं चोरून टेप केलेलं असतं. त्यातलं एक वाक्य साधारण असं, "संधी मिळाली तर तो आपल्याला *ठार मारेल*." सिनेमाभर आपण त्या दोघांची काळजी करत बसतो. अगदी शेवटी तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं, पण जोर वेगळा: "संधी मिळाली तर तो *आपल्याला* ठार मारेल." म्हणजे, त्याआधी आपणच उरकून टाकू! वेगळ्या जोराचा तो टेक आधी बाजूला ठेवलेला होता, मर्चने तो शेवटासाठी वापरला. एकही नवा शब्द न लिहिता कथा फिरली.

मर्चची ती टक्केवारी (कट ठरवताना कशाला किती महत्त्व: भावना ५१, कथा २३, ताल १०...) सगळीकडे फिरत असते. मला त्यापेक्षा हे एक वाक्य जास्त शिकवून गेलं.

गवती_चहा

अवांतर: 'तुंबाड' २०१२ ला शूट झाला, एडिट करून बघितल्यावर मनासारखा वाटेना, मग पुन्हा लिहिला, पुन्हा शूट केला, ते २०१५ ला संपलं आणि प्रदर्शित झाला २०१८ ला. एडिटने लेखकाला परत कामाला लावल्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पण एवढा वेळ आणि पैसा मराठी निर्मात्याकडे मागायचा नाही हां.

शिरीष_वाईकर

सगळ्यांचे आभार. अनुजाताई, ते 'आपल्याला'चं वाचून दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं, बायको घाबरली.

कात्रीवाली ताई, तुम्ही सांगितलंत तसं लिहून काढलं. चौदामध्ये तीन गोष्टी आहेत. जमीन घेताना आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. बाप मध्ये एकदा सस्पेंड झाला होता, तिकिटांचा हिशेब लागला नाही म्हणून, अकरा महिने पगार नव्हता, आणि त्या काळात घर या जमिनीवर चाललं. आणि तिसरं, जमीन गेली की मुलगा गावाला येणारच नाही अशी त्याला भीती आहे.

यातल्या पाटल्यांचं आत्याच्या तोंडी नवव्या सीनमध्ये येऊन गेलंय, हे लिहिताना लक्षात आलं. स्टँडचा सीनही पुन्हा आठवून बघितला. स्वारगेटची गाडी लागते तेव्हा बाप मान वर करतो, उतरणारे सगळे उतरून जातात, मग मान खाली. हे मी लिहिलेलं नाही, नटाने केलं की दिग्दर्शकाने सांगितलं माहीत नाही.

म्हणजे तिसरी गोष्ट तिथे आलीच आहे. राहतं ते सस्पेन्शन. ते आता सिनेमात कुठेच नाही, आणि ते नसल्यामुळे बाप मला नुसता हेकट वाटला. सव्वीसमध्ये बाप मोटर चालू करून पाटात पाणी सोडतोय, मुलगा बांधावर फोनवर बोलतोय. तिथे ही ओळ लिहिली:

"मला सस्पेंड केलं होतं तेव्हा अकरा महिने पगार नव्हता, तेव्हा या जमिनीनेच आपल्या सगळ्यांना जगवलं, हे विसरू नकोस."

कशी वाटते?

कात्रीवाली

बघा, आता आपण कामाचं बोलतोय! उद्या एडिटर ताईंशी बोलाल ते हेच बोला. "माझा सीन परत लावा" म्हणालात तर ती आणि दिग्दर्शक एका बाजूला होतील. "सस्पेन्शन कुठेच नाही, त्यामुळे बाप हेकट दिसतोय" म्हणालात तर ती स्वतःच जागा शोधायला लागेल.

ओळ मात्र फार लांब आहे. आधी तिला विचारा की तो पाठमोरा शॉट किती सेकंदांचा आहे. पाच-सहा सेकंदांच्या वर नसेल, मग बाप वळत असेल किंवा मुलाच्या चेहऱ्यावर कट असेल. तुमची ओळ दहा सेकंद खाईल. शिवाय "हे विसरू नकोस" म्हणणारा बाप वेगळा आणि स्टँडवर अडीच मिनिटं गप्प बसणारा बाप वेगळा. आणि अकरा महिने त्या मुलाला माहीत आहेत ना? त्याच घरात वाढलाय तो. घरचा माणूस घरच्याला आकडे सांगायला लागला की तो प्रेक्षकाला सांगतोय हे लगेच कळतं.

ओळ त्या पाठमोऱ्या शॉटवरच संपली पाहिजे असंही नाही. सुरुवात बापाच्या पाठीवर आणि शेवटचे दोन शब्द मुलाच्या क्लोजवर गेले तर चालतात, उलट बरं, ऐकणारा दिसतो. मुलाने फोन कानावरून खाली घेतल्याचा एखादा तुकडा आहे का ते तिला विचारा. असला तर तुमची ओळ तिथे लागली असं समजा.

@खुर्ची_क्रमांक_१ सर, मतदानाने कट ठरत नाही हे शंभर टक्के मान्य. माझ्या खोलीतही शेवटचा शब्द दिग्दर्शकाचाच असतो. लेखकाला मी रोज बसवत नाही. रफ कटला एकदा आणि लॉकच्या, म्हणजे कट कायमचा ठरण्याच्या, आधी एकदा. मधल्या काळात त्याने फोन केला तर मीही उचलत नाही. पण तुम्ही शूटिंगच्या आधी एडिटरला स्क्रिप्ट वाचायला देता का? मला हल्ली दोन दिग्दर्शक देतात. मी सीनसमोर नुसती खूण करते, "हे आधी कळलंय", "इथे ऐकणाऱ्याचा क्लोज लागेल, घ्याच". वाईच्या ओट्यावर रातभर दिवे लावून चौदावा शूट केला, जनरेटर, जेवण, शिफ्ट, सगळं आलं. नवव्या आणि एकतिसाव्यात दोन गोष्टी येऊन गेल्यात हे कागदावर दिसत होतं.

सीन जाण्याचं फार मनाला लावून घेऊ नका हो शिरीष. 'जाने भी दो यारों'च्या एडिटमध्ये अनुपम खेर यांची 'डिस्को किलर' ही अख्खी भूमिका गेली होती. एडिटर रेणू सलुजा, पुढे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या. आम्ही सगळ्या बायका त्यांच्या नावाने या धंद्यात आलो.

कलमदान

पैशाचं कुणीच बोललं नाही! डबिंगसाठी नव्याने लिहिलेल्या ओळी, पॅच शूटचे (राहिलेलं मागाहून शूट करायचे) सीन, व्हॉइस ओव्हर, हे लेखकाचं काम आहे आणि पुष्कळ करारांत त्याचा उल्लेखच नसतो. एक ओळ असेल तर हसत द्या. पण "एक ओळ" करता करता तीन सीन नवीन होतात, हे मी भोगलंय. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर पुढचा करार सहीआधी त्यांना दाखवून घ्या. आणि श्रेयनामावलीत तुमचं नाव कसं येतंय ते लॉकच्या आधी स्वतः डोळ्यांनी बघा. मागाहून बदलणं सगळ्यांना जड जातं.

शिरीष_वाईकर

करार काढून बघितला. कलमदान, तुम्ही म्हणता तेच, उल्लेख नाही. या वेळी ओळ हसतच देतो.

एडिटर ताईंशी फोन झाला. शॉट साडेपाच सेकंदांचा आहे. मुलाचा फोन खाली घेतल्याचा तुकडा आहे, मास्टरमध्ये (अख्खा सीन लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) आहे, क्लोजमध्ये नाही, पण त्या म्हणाल्या तेवढं मोठं करून घेता येईल. सस्पेन्शनचं त्यांना पटलं. म्हणाल्या, "हे कुठे होतं? मला वाटलं चौदात सगळं ऐकलेलंच आहे." दिग्दर्शकालाही पटलं, वर म्हणाला की लॉकच्या आधी पुन्हा ये.

नवी ओळ: "सस्पेंड होतो तेव्हा हिच्यावरच जेवलो आपण."

एक शंका आहे. चौदामध्ये नट जवळजवळ हेच वाक्य बोललाय, आणि काय बोललाय! तोच आवाज उचलून सव्वीसवर लावता येणार नाही का? डबिंगला तो भाव येईल याची मला खात्री नाही.

कात्रीवाली

ओळ चांगली आहे. "आपण" शेवटी आलाय तो मुलाच्या तुकड्यावर जाईल, ताईंना आवर्जून सांगा.

चौदातला आवाज आधी लावून बघायचाच. ट्रॅक आहे, पैसे लागत नाहीत. अडचण दोन. रात्रीचे रातकिडे दिवसाच्या शेतात ऐकू येतील, आणि आवाज साफ करताना नटाच्या आवाजातला खरखरीतपणाही थोडा जातो. मोटरचा आवाज आणि पाटाचं पाणी वर चढवलं तर काही अंशी झाकलं जाईल, ते साउंडवाल्याला विचारा. दुसरं, ओट्यावर तो दोन हातांवर बसलेल्या माणसाशी बोलतोय. बांधावरचा मुलगा वीस फुटांवर असेल, तिथे माणूस थोडा ओढून बोलतो. कानाला ते लगेच खटकतं.

नाही जमलं तर डबिंग करा, पण तुम्ही स्वतः स्टुडिओत हजर राहा. नटाला आधी चौदातलं त्याचंच वाक्य हेडफोनवर ऐकवा. मग माइकपासून दोन पावलं मागे उभं करा, तोंड थोडं वळवून, हातात काहीतरी काम द्या. बसून, कागद वाचून घेऊ नका. आणि अनुजाताईंचं लक्षात ठेवून किमान तीन जोर घ्या: एकदा "सस्पेंड"वर, एकदा "हिच्यावरच"वर, एकदा कशावरच नाही, जाता जाता म्हटल्यासारखं. कुठला लागेल ते आत्ता ठरवू नका, तिन्ही ताईंना पाठवा. फाइलच्या नावात सीन नंबर आणि टेक नंबर घाला, नाहीतर ती मला फोन करून शिव्या देईल.

आणि हे सगळं पिक्चर लॉकच्या आत. लॉकनंतर दोन सेकंद हलले तरी साउंड, म्युझिक, कलर सगळ्यांना हलावं लागतं. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आल्यावर ओळ बदलायची म्हटली तर पुन्हा बोर्डाकडे कागद. लॉकची तारीख काय सांगितलीय तुम्हाला?